हॅमर टोचं ऑपरेशन: कधी करायचं, कोणतं करायचं आणि नंतरचे सहा आठवडे कसे काढायचे

पायाचं बोट मधल्या सांध्यात वर उचललं जातं आणि टोक जमिनीकडं वळतं, हातोडीसारखं. बहुतेक वेळा अंगठ्याशेजारचं दुसरं बोट. वरच्या उंचवट्यावर बूट घासून भोवरी होते, टोकाशी दुसरी होते, आणि तळपायाला त्याच बोटाच्या मुळाशी घट्टा पडतो. माणूस दवाखान्यात येतो तो भोवरीची तक्रार घेऊन. ती ब्लेडनं कापून, कॉर्न कॅप लावून दोन-चार वर्षं निघालेली असतात. खालून हाड आणि वरून बूट यांच्यात कातडी चेपली जाते तोवर भोवरी कितीही वेळा काढा, ती पुन्हा येणारच.

ऑपरेशनबाबत एक गोष्ट सगळ्यात आधी समजून घ्यायला हवी. बोट वाकलेलं दिसतं मधल्या सांध्यात, पण त्याला वाकवणारं कारण बऱ्याचदा दुसरीकडं असतं. अंगठा तिरका होऊन दुसऱ्या बोटाला ढकलत असतो, किंवा बोटाच्या मुळाचा सांधा वर निसटलेला असतो, किंवा तळव्याचं दुसरं लांब हाड बाकीच्यांपेक्षा लांब असतं. हे तसंच ठेवून नुसता मधला सांधा सरळ केला, की वर्षभरात बोट पुन्हा वर चढतं. ‘ऑपरेशन फसलं’ असं ज्याला लोक म्हणतात, त्यातल्या बऱ्याच पायांत अर्धंच काम झालेलं असतं.

घरी करून बघायची तपासणी

खुर्चीत बसा, पाय सैल सोडा, घोटा काटकोनात ठेवा. हाताच्या अंगठ्यानं तळपायाची गादी, म्हणजे वाकलेल्या बोटाच्या मुळाचा भाग, खालून वर दाबा. बोट आपसूक सरळ झालं तर ते लवचिक आहे. मुळापाशी सरळ झालं पण मधला सांधा वाकलेलाच राहिला, आणि हातानं धरून ओढलं तरी हलला नाही, तर तो सांधा ताठर झालाय. लवचिक बोटात नुसत्या टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर, काम भागतं, ताठर बोटात हाडाला हात लावावाच लागतो. सगळी निवड इथून सुरू होते.

मग उभे राहा आणि वरून बघा. अंगठा दुसऱ्या बोटाखाली घुसलाय का? दुसरं बोट अंगठ्यावर चढलंय का? शेवटी बोट मुळाशी चिमटीत धरून हलकेच वर-खाली सरकवा. दुसऱ्या पायाच्या बोटापेक्षा ते जास्त वर सरकत असेल आणि तळव्याला कळ येत असेल, तर मुळाच्या सांध्याखालचा जाड पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी. हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. एक्स-रेत पडदा दिसत नाही.

एक्स-रे मात्र उभं राहून, पायावर वजन देऊनच काढायला हवा. झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये वजन असतानाची बोटाची स्थिती कळत नाही आणि अंगठ्याच्या तिरकेपणाचा अंदाजही चुकतो. तुमच्याकडं आधीची फिल्म असेल तर ती कशी काढली होती ते आठवून सांगा.

ऑपरेशनआधी तीन महिने

लवचिक बोटाला हा वेळ द्यायलाच हवा. पुढं रुंद आणि उंच असलेला बूट घ्या. माप संध्याकाळी, उभं राहून घ्यायचं: कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल फिरवा, सर्वांत लांब बोटापुढं साधारण 1 सेंटिमीटर जागा ठेवा. सर्वांत लांब बोट अंगठाच असतो असं धरू नका. या दुखण्यात बऱ्याचदा दुसरंच लांब असतं, आणि अंगठ्याच्या मापानं घेतलेल्या बुटात तेच दुमडतं. वरच्या भोवरीवर सिलिकॉनची नळी, टोक टेकत असेल तर बोटांखाली जाणारी गादी, तळव्याच्या घट्ट्यासाठी घट्ट्याच्या *मागं* लावलेली मेटाटार्सल पॅड. नेमक्या घट्ट्यावरच पॅड चिकटवली तर दाब वाढतो, आणि ही चूक फार होते.

कोल्हापुरीबद्दल लोक हमखास विचारतात. पुढून उघडी असल्यानं ती बोटाला वरून घासत नाही, हा तिचा गुण. पण अंगठा (चपलेतला पायाचं बोट अडकवायचा फासा) सैल झालेली, पायातून निसटणारी जुनी चप्पल धरून ठेवायला बोटं प्रत्येक पावलाला आकसतात, आणि तो ताण वाकलेल्या बोटाला आणखी वाकवतो. घालायची तर अंगठा आणि पट्टा नीट बसणारी घाला. मागं पट्टा असलेली सॅन्डल त्याहून बरी.

मधुमेह असेल आणि पायाला बधिरपणा असेल, तर कॉर्न कॅप लावू नका. तिच्यातलं सॅलिसिलिक अॅसिड भोवरीबरोबर आजूबाजूची चांगली कातडीही खातं, दुखत नसल्यानं कळत नाही, आणि खाली जखम तयार होते. ब्लेडही नको.

तीन महिन्यांनी दुखणं रोजचं चालणं अडवत असेल, भोवरीखाली जखम होऊ लागली असेल किंवा बोट अंगठ्यावर चढत चाललं असेल, तर ऑपरेशनचा विचार करा. दुखत नाही, फक्त वाईट दिसतं, एवढ्यासाठी करू नका. ऑपरेशननंतर बोट थोडं आखूड, थोडं जाड आणि कायमचं काहीसं ताठ राहतं. दुखणाऱ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. दिसण्यासाठी केलेल्या माणसाला ते रोज खटकतं.

तयारी

पायाचा रक्तपुरवठा आधी बघायचा. पावलावर आणि आतल्या घोट्यामागं नाडी लागते का, ते डॉक्टर हातानं तपासतात. लागत नसेल तर डॉप्लर (रक्तप्रवाह बघणारी तपासणी) केल्याशिवाय पुढं जाऊ नये. बधिरपणासाठी 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटनं (नायलॉनच्या बारीक तंतूनं) तळव्याला स्पर्श करून बघतात. मधुमेहात एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) साधारण 8 टक्क्यांच्या आत आणून मगच तारीख घेतलेली बरी. त्याच्या वर जखम चिघळण्याचा धोका वाढतो.

तंबाखू, बिडी आणि मिशेरी ऑपरेशनआधी किमान चार आठवडे बंद, आणि नंतर हाड जुळेपर्यंत बंद. आपल्याकडं बायका मिशेरीला व्यसन धरत नाहीत, त्यामुळं ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला नाही म्हणतात. निकोटीन हिरडीतूनही रक्तात जातं आणि बोटाच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. पायाच्या बोटाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या आधीच दोऱ्याएवढ्या असतात. डॉक्टरांना खरं सांगा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून थांबवू नका. कधी आणि किती दिवस, ते हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात. संधिवाताची औषधंही तशीच विचारून.

जोडवी आदल्या दिवशी घरीच काढा. वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी ऑपरेशनच्या टेबलावर निघत नाहीत आणि मग ती कापावी लागतात. टोकं उघडी असतील तर ती हलकेच फाकवा. बंद असतील तर जाड दोऱ्याचं एक टोक जोडव्याखालून मागं, टाचेकडं काढा. दुसऱ्या बाजूनं दोरा जोडव्यापासून नखाकडं बोटावर घट्ट, एकाला एक लागून गुंडाळत न्या. साबण लावा आणि मागचं टोक धरून उलगडायला लागा. दोरा सुटेल तसं जोडवं पुढं सरकत येतं. बोट निळं पडू लागलं तर लगेच सोडा आणि पाच मिनिटांनी पुन्हा करा. नखं कापा, नेलपॉलिश पुसा. नखाचा रंग बघूनच बोटाला रक्त पोचतंय का ते कळतं.

तारीख धरताना पाऊस टाळा. बाहेर डोकावणारी तार घेऊन चार ते सहा आठवडे काढायचे असतात, आणि गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत अंगण कोरडं नसतं. चिखल तारेपाशी गेला की जंतू तारेच्या वाटेनं थेट हाडापर्यंत जातात. रोप लावणीच्या तोंडावर तारीख घेतलीत, तर माणूस बांधावर गेल्याशिवाय राहणार नाही, हे घरच्यांनी आधीच ओळखावं. ऊस तुटून गेल्यानंतरचे, पावसाआधीचे महिने शेतकऱ्याला सोयीचे.

खर्चाचं म्हणाल तर कोल्हापुरातल्या सीपीआरच्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या, अस्थिरोग विभागात आधी दाखवून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, ते भरती होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. खासगीकडं विचारताना एका बोटाचा दर विचारून थांबू नका. तार की आतलं इम्प्लांट, अंगठ्याचं काम त्यात धरलंय का, ड्रेसिंग आणि तार काढणं धरलंय का, हे तिन्ही विचारा.

ऑपरेशनमध्ये काय करतात

घोट्याभोवती इंजेक्शन देऊन पाऊल बधिर करतात. पूर्ण भूल सहसा लागत नाही. एका बोटाला साधारण अर्धा-पाऊण तास. रक्त थांबवायला घोट्याला किंवा पोटरीला पट्टा बांधतात.

लवचिक बोटात सर्वांत छोटं काम म्हणजे तळाकडचं वाकवणारं टेंडन जाड सुईनं किंवा बारीक पात्यानं कापणं. टाकाही लागत नाही. मधुमेहात बोटाच्या टोकाशी वारंवार जखम होणाऱ्यांना हे छोटं काम फार उपयोगी पडतं, कारण टोकावरचा दाब गेला की जखम भरायला लागते. तरुण, कामाच्या माणसात तेच टेंडन कापून, उभं दोन भागांत चिरून, हाडाच्या दोन्ही बाजूंनी वर आणून वरच्या टेंडनला शिवतात. आधी वाकवणारा जोर मग बोट खाली दाबून धरतो. याची किंमत म्हणजे बोट नंतर स्वतःहून आवळता येत नाही.

ताठर बोटात मधल्या सांध्यावर छेद घेऊन भोवरीसकट कातडीची छोटी चकती काढतात. आतल्या हाडाचं डोकं मानेपाशी काटकोनात कापतात, साधारण अर्धा सेंटिमीटर. इथं दोन वाटा फुटतात. नुसतं डोकं काढून जागा सैल ठेवली तर बोट थोडं हलतं, पण कालांतरानं पुन्हा वाकण्याची शक्यता जास्त. समोरच्या हाडाचीही कूर्चा काढून दोन्ही हाडं जोडली तर बोट कायम सरळ राहतं. बहुतेक सर्जन ताठर बोटात जोडणंच पसंत करतात, आणि ते योग्य आहे.

जोडणी धरून ठेवायला 1.1 ते 1.6 मिलिमीटर जाडीची तार. ती सांध्यातून पुढं ढकलून नखाच्या किंचित खाली बाहेर काढतात, मग मागं फिरवून मागच्या हाडात बसवतात. मुळाचा सांधा अस्थिर असेल तर आणखी मागं, तळव्याच्या हाडापर्यंत. बाहेरचं टोक वाकवून कापतात आणि त्यावर टोपण बसवतात. बाहेर तार नको असेल तर हाडाच्या आत बसणारी छोटी इम्प्लांट मिळतात. ती महाग असतात आणि बिघडली तर काढायला अवघड. साध्या बोटाला तार उत्तम चालते.

मुळाचा सांधा वर अडकला असेल तर वरचं टेंडन इंग्रजी झेडसारखं चिरून लांब करतात आणि सांध्याचं वरचं वेष्टण सोडवतात. तरीही सांधा जागेवर बसला नाही तर तळव्याचं हाड तळाला समांतर तिरकं कापून डोकं काही मिलिमीटर मागं सरकवतात आणि एका बारीक स्क्रूनं धरतात. याला वाइल ऑस्टिओटॉमी म्हणतात. तिची ठरलेली अडचण म्हणजे नंतर बोट जमिनीला न टेकता तरंगत राहणं. डोकं खाली-मागं गेल्यानं बोट खाली ओढणारे छोटे स्नायू सांध्याच्या मध्यरेषेच्या वर येतात आणि बोट उलट वर उचलू लागतात. म्हणून त्याच वेळी फाटलेला पडदा शिवणं आणि नंतर बोट खाली दाबण्याचा व्यायाम, दोन्ही लागतात.

शेवटी पट्टा सोडतात आणि बोटाचा रंग बघतात. काही मिनिटांत ते गुलाबी व्हायला हवं. वर्षानुवर्षं वाकलेलं बोट एकदम सरळ ताणलं तर आखडलेल्या रक्तवाहिन्याही ताणल्या जातात आणि ते पांढरं राहतं. तेव्हा पाय खाली सोडतात, कोमट सलाइनचा कापूस ठेवतात, ड्रेसिंग सैल करतात. तरीही नाही झालं तर तार काढून बोट थोडं वाकू देतात. बोट वाचलं पाहिजे, सरळपणा नंतर बघता येतो. ऑपरेशनआधी सर्जनना ‘बोट पांढरं राहिलं तर काय करता’ असं जरूर विचारा.

नंतरचे सहा आठवडे

पहिले दोन-तीन दिवस पाय छातीपेक्षा वर. पलंगावर दोन उशा, आणि टाच उशीच्या पुढं मोकळी ठेवा, नाहीतर टाचेला दाबून जखम होते. पाय खाली सोडला की ठणका लागतो, तो गोळीनं कमी होत नाही, पाय वर केल्यानं होतो. दर तासाला घोटा दहा वेळा वर-खाली हलवा, पोटरीत रक्त साकळू नये म्हणून.

घरी आल्यावर बोटाबाहेर तार किती आहे ते मोजून लिहून ठेवा. उदाहरणार्थ 1 सेंटिमीटर. दर ड्रेसिंगला पुन्हा बघा. वाढलेली दिसली तर ती सरकतेय. आत ढकलू नका, तशीच झाकून दवाखान्यात जा. आत गेलेली दिसली तरी तेच.

चालायचं ते सर्जननं दिलेल्या कडक तळाच्या बुटातच, टाचेवर वजन देऊन, पहिले काही दिवस फक्त संडास-जेवणापुरतं. तार मुळाच्या सांध्यातून गेली असेल आणि पुढच्या पायावर वजन देऊन पाऊल मुडपलं, तर ती नेमकी सांध्यात तुटते. तुटलेला आतला तुकडा काढणं हे मूळ ऑपरेशनपेक्षा त्रासाचं काम.

याच कारणासाठी भारतीय संडास सहा आठवडे बंद. उकिडवं बसताना सगळं वजन बोटांच्या मुळावर येतं आणि तिथंच तार आहे. घरात कमोड नसेल तर मधे भोक असलेली कमोड खुर्ची भाड्यानं मिळते, ती ऑपरेशनच्या आधी आणून ठेवा. मांडी घालून बसणंही नको. तारेचं टोपण सतरंजीत किंवा साडीच्या काठात अडकून ओढलं जातं. रात्री पाय पांघरुणाबाहेर ठेवा, किंवा पायथ्याला पुठ्ठ्याचं रिकामं खोकं उघडं ठेवून त्यावर चादर टाका.

आंघोळीला प्लास्टिक स्टुलावर बसा, पाय दुसऱ्या स्टुलावर, त्यावर दुहेरी पिशवी आणि पोटरीला चिकटपट्टी. पिशवी घोट्यालाच बांधली तर पाणी आत ओघळतं. ड्रेसिंग भिजलं तर ‘वाळेल’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी बदला. हळद, तेल, कुठलाही लेप तारेपाशी नको.

टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, तार चार ते सहा आठवड्यांनी. तार काढायला भूल लागत नाही. पकडीनं धरून सरळ ओढतात, काही सेकंदांचं काम, दुखण्यापेक्षा विचित्र वाटतं. त्यानंतर बोट शेजारच्या बोटाला टेपनं बांधून आणखी महिनाभर ठेवा, मधे कापसाची पातळ पट्टी, नाहीतर घामानं कातडी सडते. मुळाचा सांधा मोकळा असेल तर बोट मुळाशी धरून खाली वाकवणं, दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दहा. मधल्या जोडलेल्या सांध्यात वाकवायचं नाही.

मोटरसायकल गिअर डाव्या पायाच्या बोटांनी टाकते. डाव्या पायाचं ऑपरेशन असेल तर गिअरची गाडी साधारण दोन महिने नाही. उजव्या पायाचं असेल तर मागचा ब्रेक त्याच पायावर असतो, तेव्हा तीच मुदत. स्कूटरवर मागं बसतानाही बूट पायात आणि पाय आत.

लगेच दवाखाना गाठा

बोट पांढरं, काळं-निळं किंवा थंड पडलं, ठणका पाय वर करूनही वाढत गेला, तारेच्या छिद्रातून पू आला किंवा लाली पावलावर पसरू लागली, ताप 100.4 च्या वर गेला, पोटरी सुजून दुखू लागली, तर सकाळची वाट बघू नका. तारेभोवती दोन-चार थेंब पिवळसर पाणी आणि वाळलेली खपली ही साधी बाब आहे. बोट बधिर पायाचं असेल तर दुखण्यावर विसंबू नका, रोज सकाळी दुसऱ्या माणसानं उजेडात बघायचं.

सूज हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. बोट सॉसेजसारखं जाड राहतं, तीन ते सहा महिने, काहींत वर्षभर. पाय संध्याकाळी जास्त सुजतो, सकाळी उतरतो, तोवर ते बरं होण्याचंच लक्षण आहे. एक्स-रेत सहा महिन्यांनीही हाड पूर्ण जुळलेलं दिसत नसेल आणि दुखत नसेल, तर मधे तंतूंची जोडणी झालेली असते आणि तिला काही करावं लागत नाही.

रुंद पुढाचा बूट सहा ते आठ आठवड्यांनी, पळणं आणि जोतिबाचा डोंगर पायी चढणं तीन महिन्यांनी. नवी कडक कोल्हापुरीही तीन महिन्यांनीच, आणि आधी घरात रोज अर्धा तास घालून. जोडवी सगळ्यात शेवटी: सूज पूर्ण उतरल्यावर, उघड्या टोकाची, पूर्वीपेक्षा एक माप मोठी, आणि पहिला महिनाभर रात्री काढून ठेवून. सकाळी बोटावर जोडव्याचा वळ दिसला तर आणखी महिनाभर थांबा.